अकरा नंबरची बस : मुलांना चालत शाळेत नेण्याची सविस्तर तयारी

सकाळी पावणेनऊला कुठल्याही शाळेच्या फाटकासमोर दहा मिनिटं उभं राहून बघा. पुढे एक आणि मागे एक मूल घेऊन आलेली स्कूटर, तिच्या पाठीशी हॉर्न दाबून धरलेली मोटार, राँग साइडने घुसलेली रिक्षा, आणि या सगळ्यांतून अंग चोरत चालत येणारी दोन-तीन मुलं. त्या गर्दीतल्या कुणाही आईबापाला विचारा, मुलाला चालत का पाठवत नाही? उत्तर ठरलेलं : "रस्त्यावर किती गाड्या असतात, बघताय ना?" मीही हेच म्हणायचे. स्कूटरवर बसून.

आमचं घर पुण्यात पौड रस्त्याच्या एका अंगाला, लेकीची शाळा दुसऱ्या अंगाला. अंतर सव्वा किलोमीटर. स्कूटरने फाटकासमोरची कोंडी धरून बारा मिनिटं लागायची, चालत बावीस लागतात. दहा मिनिटं वाचवायला मी रोज त्याच कोंडीत एका गाडीची भर घालत होते, हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली. पहिल्या दिवशी आम्ही दोन घरं होतो. आज नऊ मुलं असतात. आमच्या घरात आजोबा पायी जाण्याला "अकरा नंबरची बस" म्हणायचे, दोन पाय म्हणजे अकराचा आकडा. मुलांनी तेच नाव उचललं.

कल्पना आमची नाही. मुलांना रांगेने, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या थांब्यांवरून गोळा करत चालत न्यायचं, हा विचार ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंग्विच यांनी १९९०च्या दशकात मांडला. १९९८मध्ये इंग्लंडच्या सेंट ऑल्बन्स गावात अशी 'बस' सुरू झाली, २००३मध्ये इटलीतल्या लेक्को शहरात. जपानात तर शेजारपाजारची मुलं गट करून शाळेत चालत जातात, ही तिथली जुनी रीत आहे. कोपऱ्यांवर पिवळी निशाणं घेतलेले पालक उभे असतात. फूटपाथवर लावलेल्या मोटारसायकली, पावसात नाहीशी होणारी झाकणं आणि भटकी कुत्री मात्र आपल्या वाट्याला आलेली आहेत. म्हणून पुढचं सगळं आपल्या रस्त्यांच्या हिशेबाने लिहिलंय.

आधी अंतर बघा

शिक्षण हक्क कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असावी, असं धरलेलं आहे. म्हणजे कायद्याच्या मनात शाळा ही चालत जायचीच जागा. आपण नाव ऐकून आठ किलोमीटरवरची शाळा निवडतो, तो भाग वेगळा.

पहिली-दुसरीतलं मूल दप्तर घेऊन, वाटेत मांजर बघत, एक किलोमीटर पंधरा ते वीस मिनिटांत चालतं. लहान मुलांसाठी दीड किलोमीटरपर्यंतची वाट धरा, पाचवीच्या पुढे दोनपर्यंत. त्याहून लांब असाल, तर तुमच्यासाठीचा भाग पुढे येतोच.

मग वर्गशिक्षिकेला एक विनंती करा. साध्या, बिनपावसाच्या एखाद्या बुधवारी वर्गात हात वर करून दोन प्रश्न विचारायचे. आज कसे आलात? आणि कसं यायला आवडेल? दोन्हीचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे. लेकीच्या वर्गात पहिल्या प्रश्नाला चालत आलेली चारच मुलं निघाली. दुसऱ्याला 'चालत' आणि 'सायकल' मिळून निम्म्याहून जास्त हात वर गेले. पालकसभेत मला फार बोलावं लागलं नाही, त्या फळ्याचा फोटो दाखवला.

कोण कुठल्या बाजूने येतं, हे कागदावरच्या नकाशावर ठिपके देऊन बघा. ठिपके इमारतीचे, मुलांची नावं नकोत. असे कागद फोनवरून कुठे कुठे फिरतात, ते आपल्या हातात राहत नाही.

वाट मुलाच्या उंचीवरून तपासा

या कामाला घाई करू नका. वाट तीनदा चालायची : एकदा शाळेच्या वेळेला, एकदा सुटण्याच्या वेळेला आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर. बरोबर मूल हवंच. आणि प्रत्येक वळणावर, प्रत्येक ओलांडण्याच्या जागी खाली बसून बघायचं. लोक बघतात, बघू देत. सव्वातीन फुटांवरून रस्ता वेगळाच दिसतो.

मी पौड रस्त्याच्या कडेला बसले तेव्हा मला समोर मेट्रोचा खांब आणि एका टेम्पोचं मागचं चाक, एवढंच दिसलं. रोज मी तिथूनच लेकीला हाताला धरून ओलांडत असे. उभ्याने मला टेम्पोच्या टपावरून पलीकडचं दिसायचं, तिला कधीच दिसलं नव्हतं. आणि जे तिला दिसत नाही, त्याला तीही दिसत नाही. दुभाजकात खांबाआड उभं राहिलेलं मूल दुचाकीवाल्याला अगदी शेवटच्या क्षणी दिसतं. ती जागा आम्ही त्याच दिवशी सोडली आणि दीडशे मीटर पुढच्या सिग्नलवर गेलो.

वहीत काय टिपायचं? फूटपाथ कुठे तुटतो. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. तुमच्या वाटेवर विजेची डीपी, चहाची टपरी आणि गॅरेजवाल्याच्या गाड्या वजा करून किती उरते, ते पावलांनी मोजा. मुलांना खाली रस्त्यावर उतरावं लागतं अशा जागा लाल पेनने. सोसायट्यांची फाटकं, कारण तिथे गाड्या रिव्हर्समध्ये बाहेर येतात आणि मागे बघणाऱ्याला चार फुटांखालचं काही दिसत नाही. उघडी चेंबर. कचऱ्याच्या जागेजवळची कुत्री. आणि हो, कुठे सावली आहे, कुठे एखादं दुकान लवकर उघडतं, हेही. आमच्या वाटेवरचा मेडिकलवाला सकाळी आठला शटर वर करतो. त्याचं दुकान हा आमचा अघोषित मदतकक्ष आहे.

आता वाट ठरवा, आणि जवळची वाट सोडायची तयारी ठेवा. आम्ही मुख्य रस्त्याऐवजी मागच्या गल्ल्या धरल्या. वाट दोनशे मीटरने वाढली, पण ओलांडण्याच्या जागा पाचावरून दोनावर आल्या. हिशेब मीटरांचा करू नका, ओलांडण्यांचा करा. ओलांडण्याची जागा सिग्नलची असावी. सिग्नल नसेल, तर दोन्ही बाजूंना किमान पन्नास मीटर रस्ता मुलाच्या उंचीवरून दिसलाच पाहिजे. वळणावर नको, उतार संपतो तिथे नको, उभ्या गाड्यांच्या मधून तर नकोच.

पन्नास मीटर का, तर : ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी, चालकाला भान यायला एक सेकंद धरला तर कोरड्या रस्त्यावर तेरा-चौदा मीटरमध्ये थांबते. ५०च्या वेगाने तीच गाडी सत्तावीस-अठ्ठावीस मीटर घेते. रस्ता ओला असेल, तर त्याहून जास्त. आता तुमच्या वाटेवरच्या गाड्या किती वेगाने येतात, ते आठवा.

दोन घरं, दोन दिवस

शाळेच्या परवानगीची, समितीची, उद्घाटनाची वाट बघत बसलात तर वर्ष जाईल. शेजारच्या एका घराशी बोला आणि मंगळवार-गुरुवार एवढंच ठरवा. सोमवारी सगळ्यांचंच बिनसलेलं असतं, शुक्रवारी कुणीतरी गावाला निघालेलं असतं.

महिनाभर दोन घरं नियमाने दिसली, की तिसरं आपण होऊन विचारतं. आम्हाला तिसरं घर अकराव्या दिवशी मिळालं, तेही त्यांच्या रिक्षावाल्या काकांनी अचानक रिक्षा बंद केली म्हणून.

चार-पाच मुलं झाली, की मात्र नियम हवेत. आमचे असे आहेत.

मोठी माणसं कायम दोन; एक पुढे, एक मागे. पुढच्याने वेग ठरवायचा, तो सगळ्यांत लहान मुलाचा. मागच्याच्या पुढे सगळी मुलं असली पाहिजेत, बस. सात वर्षांखालची मुलं असतील तर चारामागे एक मोठा माणूस, त्याहून मोठी असतील तर सहा-सातांमागे एक. मुलं जोडीने, लहान मूल आतल्या बाजूला. फूटपाथ नसेल तिथे एकामागे एक आणि रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते.

थांबे आणि वेळा ठरलेल्या. आमची पहिली फेरी ८.२० वाजता सोसायटीच्या फाटकाशी, ८.२७ला पिंपळाशी, ८.३३ला मेडिकलपाशी. थांब्यावर एक मिनिट थांबायचं आणि निघायचं. पहिल्या आठवड्यात एका आईला राग आला, "दोन मिनिटं थांबला असतात तर काय बिघडलं असतं?" बिघडलं असतं. दोनाची पाच होतात, आणि उशीर झाला की मोठी माणसंच मुलांना पळवत रस्ता ओलांडतात.

व्हॉट्सअ‍ॅप गट हवा, पण त्यात तीनच वाक्यं : निघालो, पोचलो, आज येत नाही. गुलाबाची फुलं आणि सुविचार दुसऱ्या गटात.

नेणारी माणसं कोण, यात भीड धरू नका. ज्यांना गटातली सगळी घरं ओळखतात, असेच पालक किंवा आजी-आजोबा. एकट्या मोठ्या माणसाच्या ताब्यात गट द्यायचा नाही, तो कितीही ओळखीचा असो. प्रत्येक घराकडून एक कागद लिहून घ्या : पालकांचे दोन फोन, मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे का, परत येताना कुणाच्या ताब्यात द्यायचं. त्या यादीबाहेरच्या कुणाच्याही हाती मूल सोडायचं नाही, मग तो सख्खा मामा का असेना. शाळेपर्यंतच्या वाटेवरची जबाबदारी पालकांची आहे, हेही त्याच कागदावर साफ लिहा. मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न तोच असतो. नेणाऱ्यांच्या फोनमध्ये ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि बालकांसाठीची १०९८ हे क्रमांक असू द्या.

निवृत्त आजोबा मिळाले, तर सोडू नका. वेळेचे पक्के असतात आणि त्यांना घाई नसते. आमच्या आजोबांनी पहिल्या दिवशी शिट्टी आणली. ती ऐकून मुलं खूश झाली आणि गल्लीतली सात कुत्रीही. दुसऱ्या दिवसापासून शिट्टी खिशात.

ओलांडणं पायांनी शिकवा

"नीट बघून जा" हे वाक्य मी सहा वर्षं म्हणत होते. त्यात मुलाला करण्यासारखं काहीच नाही. साधारण दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालता येत नाही. गाडी दिसते, पण ती कधी पोचेल ते कळत नाही. म्हणून लहान मुलाने एकट्याने मोठा रस्ता ओलांडायचा नाही, आणि मोठ्याबरोबर ओलांडताना मात्र रोज शिकायचं.

आमची पद्धत सांगते. कडेच्या एक पाऊल आत थांबायचं, कडेवर नाही. उजवीकडे बघ, डावीकडे बघ, पुन्हा उजवीकडे. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून पहिला धोका उजवीकडून येतो. मग पुस्तकात नसलेली चौथी नजर : पुन्हा एकदा डावीकडे, राँग साइडवाल्यासाठी. एकेरी रस्त्यावरही दोन्हीकडे. कानांवर फार भरवसा नको, विजेवरच्या स्कूटर आवाज न करता येतात. गाडी हळू झाली म्हणजे थांबली नाही. चाक थांबलेलं दिसलं पाहिजे. मग हात पुढे करून, सरळ रेषेत, चालत जायचं. पळायचं नाही, कारण पळणारं मूल पडतं आणि पडलेलं मूल दिसत नाही. उभ्या बसच्या पुढून कधीच ओलांडायचं नाही. बस जाऊ द्यायची.

रोज एक मूल कप्तान. मोठ्या माणसाने गप्प राहायचं, कप्तानाने "आता" म्हणायचं. चुकीच्या वेळी "आता" म्हटलं तर मोठा माणूस फक्त जागचा हलत नाही, ओरडतही नाही. कप्तान पुन्हा बघतो. पहिल्या महिन्यात लेक गाडी पार दूर असतानाही दबकून थांबायची, नाहीतर अगदी जवळ आल्यावर "आता" म्हणायची. तिसऱ्या महिन्यात एक दिवस झेब्रावर एक स्कूटर आमच्यासाठी थांबली. मी पाऊल उचललं, तर तिने माझा हात मागे ओढला. "आई, त्या काकू थांबल्यात, त्यांच्या मागचे काका नाही थांबले." ते काका स्कूटरच्या डावीकडून सुसाट निघून गेले. ही दुसरी गाडी, थांबलेल्या गाडीच्या आडून येणारी, हिच्यासाठी वेगळा धडा घ्या. थांबलेल्या गाडीच्या टोकाशी पुन्हा थांबायचं, मान बाहेर काढून बघायचं, मगच पुढे.

दप्तर, पाऊस, कुत्री

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. राज्य सरकारच्या २०१५च्या निर्णयात हेच आहे, केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणातही. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. घरच्या काट्यावर ठेवून बघा. माझ्या लेकीचं तीन किलो शंभर ग्रॅम भरलं, त्यात भरलेली बाटली आणि गेल्या वर्षीची कंपासपेटी. बाटली अर्धी भरून नेली आणि शाळेत भरून घेतली, तरी बराच फरक पडतो.

आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडते ती पावसातच, त्यामुळे ही तयारी पहिल्या दिवसापासून लागते. छत्रीपेक्षा रेनकोट बरा : वाऱ्यात छत्री समोर धरली की मुलाला रस्ता दिसत नाही. पण रेनकोटच्या टोपीने बाजूचं झाकलं जातं, म्हणून पावसात मान नाही, सगळं अंग वळवून बघायचं, याचा घरात सराव घ्या. रंग पिवळा किंवा भगवा. नंबरप्लेट बनवणाऱ्या दुकानातून रेडियमची पट्टी आणा आणि दप्तराच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना चिकटवा. थोडक्या पैशांत काम होतं आणि अंधारलेल्या सकाळी दुरून चमकतं. आणि एक नियम कधीच मोडायचा नाही : तळ दिसत नाही त्या पाण्यात पाय नाही. खाली झाकण आहे की नुसतं चेंबर, ते पाणी सांगत नाही. जोराचा पाऊस असेल तर फेरी रद्द; ते सकाळी पावणेआठपर्यंत एकाच माणसाने ठरवायचं आणि गटात कळवायचं. दहा जणांचं मत घेतलंत, तर सव्वानऊ वाजतात.

कुत्र्यांसमोर पळायचं नाही, ओरडायचं नाही, डोळ्यांत बघत राहायचं नाही, वाटेत बिस्किट खायचं नाही. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस. हळद-चुना नाही.

लांबून येणाऱ्यांसाठी

चार-पाच किलोमीटरवरून येत असाल, तरी शेवटचे चारशे मीटर तुमच्या हातात आहेत. शाळेपासून पाच मिनिटांवर गाडी लावता येईल अशी जागा शोधा, मैदान, मंगल कार्यालयाचं आवार, रुंद गल्ली. तिथे उतरा आणि चाला. शक्य असेल तर तिथून जाणाऱ्या 'बस'मध्ये मुलाला चढवा. या एका गोष्टीने फाटकासमोरची कोंडी जितकी सुटते, तितकी चार फलकांनी सुटत नाही.

शाळेची बस किंवा व्हॅन असेल, तर खुशाल वापरा, चाळीस मुलांना आणणारी एक बस बऱ्याच स्कूटरी घरी ठेवते. फक्त आत डोकावा : मोजून किती मुलं बसतात, मदतनीस आहे का, प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक आहे का, दार चालताना बंद असतं का. रिक्षात चालकाच्या शेजारी मूल बसत असेल, तर त्या दिवशीच थांबवा. गावाकडे एसटी हाच मोठा आधार आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, आणि मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस आहेत. फाट्यापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर मात्र हीच रांग, हेच नियम.

दुचाकीशिवाय इलाज नसेल, तर कायदा ठाऊक असू द्या. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, मागे बसलेल्यालाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालकाला बांधणारा सुरक्षापट्टा, मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३पासून लागू आहे. आपण स्वतः हेल्मेट घालून मुलाला उघड्या डोक्याने नेतो, हे चित्र मला अजून समजलेलं नाही.

सायकल

पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. माझे वडील तिघं भावंडं एका सायकलवर शाळेत जात. आज मी पाचवीच्या आतल्या मुलाला एकट्याने सायकलवर पाठवणार नाही. पाचवी-सहावीपासून, आधी दोन महिने रविवारी सकाळी त्याच वाटेवर सराव. तीन गोष्टी जमल्या पाहिजेत : एका हाताने सायकल सरळ ठेवून दुसऱ्याने इशारा देणं, खांद्यावरून मागे बघताना न डगमगणं, आणि सांगितल्या जागी थांबणं. उजवीकडे वळायचं असेल तर मधोमध जायचं नाही. उतरायचं, सायकल हाताने धरून झेब्रावरून ओलांडायची. उभ्या गाड्यांपासून एका दाराइतकं अंतर ठेवायचं. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत. "वाढत्या अंगाची" मोठी सायकल घेऊ नका. दर रविवारी हवा, ब्रेक, घंटी.

आणि नववीतल्या मुलाला "क्लासला उशीर होतो" म्हणून स्कूटर देऊ नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

शाळेकडे आणि महापालिकेकडे काय मागायचं

मोठं काही मागू नका, ते फायलीत राहतं. शाळेकडे मागायच्या गोष्टी बिनखर्चाच्या : चालत येणाऱ्यांसाठी वेगळं लहान फाटक, ते गाड्यांच्या फाटकापेक्षा दहा मिनिटं आधी उघडायचं, सुटताना चालणाऱ्यांना पाच मिनिटं आधी सोडायचं, सायकलींना छपराखाली जागा. आरएसपीची, म्हणजे शाळेतल्या रस्ता सुरक्षा पथकाची, मुलं असतील तर त्यांना नुसतं १५ ऑगस्टच्या संचलनाला न ठेवता फाटकाच्या आतल्या बाजूला रांग लावायला उभं करा. बाहेर रस्त्यावर नको, ते मोठ्यांचं काम.

शाळा बससाठीच्या २०११च्या राज्य नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक, पालक, वाहतूक पोलीस आणि आरटीओचे प्रतिनिधी, सगळे एका टेबलाशी. ती फक्त बसच्या भाड्याबद्दल बोलते, असा समज आहे. तुम्ही तिच्यासमोर फाटकाबाहेरच्या शंभर मीटरचा विषय ठेवा. २०२४च्या निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असं ठरलं. मुलांची झोप वाढली, चांगलं झालं, पण लहान मुलं आता नेमकी कचेऱ्यांच्या गर्दीच्या वेळी रस्त्यावर येतात. वाहतूक पोलीस सकाळी पाऊण तास मिळावा, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

अर्ज लिहिताना एका अर्जात एकच मागणी. आम्ही पहिल्या अर्जात सात लिहिल्या. चार महिन्यांनी उत्तर आलं, त्यात दुसऱ्याच रस्त्याचं नाव होतं. दुसऱ्यांदा एकच लिहिली : अमुक दुकानासमोरचे झेब्राचे पट्टे पुसले गेलेत, सोबत फोटो, वेळ, सकाळी अर्ध्या तासात तिथून ओलांडणाऱ्या मुलांची मोजलेली संख्या, खाली चौदा पालकांच्या सह्या. आवक क्रमांक घेतला. पट्टे दीड महिन्यात उजळले. पार्किंग, पोलीस, एकेरी मार्ग यांसाठी वाहतूक शाखा; फूटपाथ, पट्टे, गतिरोधक, चेंबर यांसाठी क्षेत्रीय कार्यालय. पुण्यात आणखी एक दार आहे : २००६पासून महापालिका नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी छोटी कामं मागवते, पाच लाखांच्या आतली. फूटपाथचा तुटलेला तुकडा त्यात सहज बसतो.

गाडं रुळावर ठेवायचं तर

अशा फेऱ्या दोन वेळा मोडतात, दिवाळीच्या सुटीनंतर आणि पुढाकार घेणाऱ्या आईचं मूल आजारी पडतं तेव्हा. दोन्हीवर उपाय एकच, महिन्याचं वेळापत्रक आधी लावा आणि दर दिवसाला एक बदली माणूस लिहून ठेवा. आठवड्यातले तीन दिवस पुरेत. पाचही दिवसांचा हट्ट धरलेला आमच्या मागच्या गल्लीतला गट सप्टेंबरात बंद पडला.

मुलांना बक्षिसं नकोत. आम्ही एकदा स्टिकर दिले, तर आठवड्यात त्यांची देवघेव आणि भांडणं सुरू झाली. त्याऐवजी वाटेवरच्या झाडांची नोंद ठेवायला एक वही दिली. मार्चमध्ये सावरीचा कापूस उडाला त्या दिवशी फेरी सहा मिनिटं उशिरा पोचली. तेवढा एकच उशीर मी माफ केला.

आणि हात कधी सोडायचा? ठरावीक वय मी सांगणार नाही, पायऱ्या सांगते. आधी मूल पुढे, तुम्ही दहा पावलं मागे. मग मोठ्या रस्त्यापर्यंत तुम्ही, पुढची गल्ली त्याची. मग दोघं-तिघं मिळून, तुम्ही फक्त अवघड ओलांडणीपाशी उभे. यातली प्रत्येक पायरी एक सत्र चालू द्या. माझी लेक आता पाचवीत आहे. सिग्नल आम्ही अजून एकत्र ओलांडतो. त्यानंतर मेडिकलच्या कोपऱ्यावर ती मला थांबायला सांगते, दप्तर सारखं करते आणि दुसरीतल्या दोघांना हाताला धरून निघते. वळणापाशी पोचल्यावर थांबून ती चारही नजरा टाकते, हे मी तिथून मोजते.